डबा तापू नये म्हणून

प्रिय रणजित,

चौथीच्या वर्गात आम्ही सगळी पोरं मिळून कविता म्हणायचो, तेव्हा रस्त्यावरून जाणाऱ्याला त्यातला एक शब्द कळत नसे. नुसती गुणगुण ऐकू यायची, मोहोळ उठल्यासारखी. गुरुजी टेबलावर पट्टीने ताल धरायचे. पहिली ओळ दबकत निघायची, मग चाल चढत जायची, आणि शेवटच्या कडव्याला अख्खा वर्ग असा घुमायचा की खिडकीचं तावदान थरथरायचं. कवितेतली नदी, पाखरं, पहाट सगळं पुढे आयुष्यात कुठे कुठे सांडून गेलं, पण ती गुणगुण कानाच्या तळाशी राहिली होती. तुझ्या त्या गेमच्या डब्याने ती परत वर काढली. डबा तापला की त्याच्या पोटातला पंखा अगदी तसाच घुमतो.

तू म्हणशील, बाबांनी पुन्हा कविता काढली. काढली. हे पत्र आहे, फोन नाही. पत्राला 'मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलतो' असं सांगता येत नाही. शिवाय हे मी डब्याबरोबर त्याच खोक्यात ठेवणार आहे, तेव्हा डबा हवा असेल तर तुला पत्रही सोडवून घ्यावं लागेल. कुरिअरवाला दुपारी एक ते चारच्या दरम्यान येतो म्हणाला. म्हणजे बिचारा नारायण पेठेत नवा असावा. तुझी आई आत पडली आहे, मी जागा राहिलो आहे, आणि खोक्याला शेवटची चिकटपट्टी लावायची तेवढी ठेवली आहे.

डबा कसा जपायचा ते आधी सांगतो, कारण तू तो इथे आणून ठेवलास, पण त्याची उस्तवार कधी केली नाहीस. तुला तो आणल्याचा दिवस तरी आठवतो का? कोर्टात घटस्फोटाचा निकाल झाला त्याच आठवड्यातला. पियुष तनुजाकडे हडपसरला राहणार, आणि रविवारी बापाला आमच्या घरी भेटणार, असं ठरलं. तू हा डबा टीव्हीपाशी ठेवलास आणि पोराला म्हणालास की आता दर रविवारी आपण दोघं खेळायचं. काही रविवार खेळलासही. मग बंगळुरूची नोकरी आली. तू गेलास, रविवार मागे राहिला. कोर्टाच्या कागदावर बाप आहे, आजोबा नाहीत. तनुजाने मनात आणलं असतं तर पोराला पाठवणं तेव्हाच बंद करता आलं असतं. तिने केलं नाही. दर रविवारी स्कूटरवरून एवढं हडपसरचं ट्रॅफिक तुडवत ती येते, खाली दोनदा हॉर्न वाजवते, पोरगा जिना चढला की निघून जाते. ती मात्र निकालानंतर एकदाही वर आली नाही. आम्हीही कधी ये म्हणालो नाही. कोणत्या तोंडाने म्हणणार होतो?

तर डबा. तुझ्या आईने तो शोकेसमध्ये ठेवला, काचेच्या दाराआड, देवघराच्या शेजारी. वर क्रोशाचं झाकण, मोराचं. आपल्या घरात एकही यंत्र कधी उघडं राहिलेलं नाही. रेडिओला झालर होती, मिक्सरला झबलं आहे, टेलिफोन गेला तरी त्याचा रुमाल आहे. खंडेनवमीला तिने त्याची पूजा केली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, आणि उदबत्ती लावली ती नेमकी त्याच्या जाळीसमोर. मग तो तापणार नाही तर काय होईल? आधी घुमायचा, मग पडद्यावर ताकीद यायची, मग लाल दिवा लावून गप्प. आम्हाला वाटलं बिघडला. पियुषने काच उघडून मोर उचलला, हात लावून पाहिला आणि म्हणाला, "अहो आजोबा, गुदमरतंय ते. तुम्ही त्याला स्वेटर घातलाय."

त्यानंतर मी शिकलो. पोराने मोबाइलवर दाखवलं, मी चष्मा लावून पाहिलं. डबा कपाटात कोंडायचा नाही. मागच्या भिंतीपासून वीतभर पुढे ठेवायचा, कारण गरम हवा तो पाठीकडून सोडतो आणि भिंत ती त्याच्याच अंगावर परत करते. गादीवर, सतरंजीवर ठेवायचा नाही. त्याच्या डोक्यावर दुसरा डबा चढवायचा नाही, तुला कशावरही काहीही रचून ठेवायची खोड आहे म्हणून सांगतो. महिन्यातून एकदा प्लग काढून, पूर्ण निवल्यावर, मऊ ब्रशने जाळी झाडायची. मी पहिल्यांदा झाडली तेव्हा उदबत्तीची राख, कुंकू आणि झेंडूची एक वाळकी पाकळी निघाली. तोंडाने फुंकर मारायची नाही, थुंकी उडते. आणि मोठा खेळ संपला की लगेच झाकून पसार व्हायचं नाही, जरा वेळ उघड्यावर निवू द्यायचा. त्याच्या वर भिंतीवर मी एक कागद लावला होता, 'या यंत्रावर वस्त्र, वर्तमानपत्र अथवा कोपर ठेवू नये. श्वास सर्वांनाच लागतो.' तुझी आई म्हणाली, हा कागद आपल्या लग्नात लावायला हवा होता.

पण खरी गोष्ट त्याच्या आधीची आहे. डबा तापून बंद पडायचा तेव्हा निवायला बराच वेळ लागे, आणि त्या वेळात पोराला दुसरं काही करायला नसे. मग मी शाळेतल्या कविता काढायचो, चालीवर. पहिले काही रविवार तो मोबाइलमध्ये तोंड घालून बसला. मी चालूच ठेवलं, म्हाताऱ्याला लाज कमी असते. एकदा मी तिसरी ओळ विसरलो आणि ती त्याने खालूनच सांगितली, मान वर न करता. पुढे तो ताल धरायला लागला, रिमोटने टेबलावर. अगदी आमच्या गुरुजींसारखा. मला चिडवायला त्याने त्याच चालीत स्वतःची कविता जुळवली, "डब्या डब्या, तापू नको, आजोबांना चान्स देऊ नको." मी रागावल्याचं दाखवलं. आत कुठेतरी तावदान थरथरलं.

तुला स्कूटर आठवते? खडकवासल्यावरून पुढे सिंहगडाकडे निघालो की ती चढावर तापायची. आपण ती झाडाखाली उभी करायचो, तू कठड्यावर बसायचास, कणीस खायचास, आणि मी एक ओळ म्हटली की दाणे चघळत पुढची ओळ म्हणायचास. कंटाळायचा नाहीस. लोक गाड्या पुढे काढत आपल्याला हसायचे. तापलेल्या वस्तूपाशी थांबायचं असतं, ती निवेपर्यंत तिला सोडून जायचं नसतं, हे तुला सातव्या-आठव्या वर्षी येत होतं. पुढे कधी विसरलास ते मला कळलंच नाही. तुझ्या घरात तापलं तेव्हा तू किल्ली काढून चालायला लागलास.

असो. डबा शोकेसमधून निघाला, जाळी साफ झाली, वीतभर जागा मिळाली, आणि तापायचा बंद झाला. मी स्वतःवर खूश होतो. पुढच्या रविवारी पियुष आला, खेळायला बसला आणि संध्याकाळपर्यंत उठलाच नाही. पंखा घुमला नाही, लाल दिवा लागला नाही, कविता झाली नाही. खालून हॉर्न वाजला, तो गेला. मी तिथेच बसून राहिलो. मूर्खासारखी आपल्याच हाताने आपली जागा झाडून टाकली होती मी. तुझी आई मोराचं झाकण धुऊन, घडी करून माझ्यासमोर ठेवून गेली. खरं सांगतो, मी ते एकदा हातात घेतलंही. मग परत ठेवलं.

त्याच्या पुढच्या रविवारी पोरगा थोडा खेळला, आणि त्याने डब्यावर तळवा ठेवून सांगितलं, "तापलंय, आजोबा. निवू दे जरा." बंद केला आणि माझ्यासमोर मांडी घालून बसला. मला वाटलं, उन्हाळा आहे, तापला असेल. मग हे दर रविवारी व्हायला लागलं. पावसाळ्यातही, थंडीतही. एकदा तो हात धुवायला आत गेला असताना मी डब्याला हात लावून पाहिला. शहाबादी फरशीसारखा गार होता. मी स्वयंपाकघरात जाऊन तुझ्या आईला हळूच सांगितलं, तर ती पोळी उलटत म्हणाली, "तुम्हाला आज कळलं?"

आणि मग गेल्या महिन्यात तुझा फोन आला. फार दिवसांनी आला म्हणून मी बाहेर गॅलरीत नेऊन घेतला. श्रद्धाशी लग्न झाल्याचं तू सहा महिन्यांनी कळवलंस, त्याबद्दल मी तेव्हाही बोललो नाही, आताही बोलत नाही. ती भली बाई असेल. तिच्या मुलाला तू लळा लावतो आहेस, ही तर चांगलीच गोष्ट. त्या पोराचा काही दोष नाही. पण त्याला खेळायला तुला हाच डबा हवा होता. तिथे तो नुसता पडून असेल ना, म्हणालास. नवे फार महाग झालेत, म्हणालास. तो नीट चालतो का, तापत तर नाही ना, हेही विचारलंस. सगळं विचारलंस, रणजित. तुझ्या स्वतःच्या मुलाची उंची आता किती झाली, ते विचारायचं राहिलं.

पियुषला मीच सांगितलं. त्याच्या पाठीमागे डबा हलवणं मला जमलं नसतं. तो ऐकत होता. कोणासाठी, एवढंच त्याने विचारलं. मी खोटं बोललो नाही. मग त्यानेच तारा काढल्या, प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी लावली, जाळी ब्रशने झाडली, डबा जुन्या टॉवेलात गुंडाळून खोक्यात बसवला. तुझी आई क्रोशाचं झाकण त्यात घालायला गेली, तर त्याने ते तिच्या हातातून घेतलं आणि आपल्या सॅकमध्ये ठेवलं. कविता म्हणूया का, म्हणालो, तर म्हणाला, आज नको. हॉर्न वाजायच्या आधीच खाली जाऊन उभा राहिला. त्याच्या पुढचा रविवार, म्हणजे परवाचा, तो आला नाही. तनुजाचा मेसेज आला, बरं नाही म्हणतोय. तुझ्या आईने केलेल्या साटोऱ्या संध्याकाळी शेजारी दिल्या.

म्हणून हे पत्र. डब्याच्या निगेबद्दल लिहायला बसलो हे खरं आहे, पण तेवढ्यासाठी अर्धं पानही पुरलं असतं. तुला हे कळावं म्हणून लिहिलं की तू नुसती पडून असलेली वस्तू मागितली नाहीस. एका पोराला दर रविवारी जिना चढायला जे निमित्त होतं, ते मागितलंस. आणि मी ते देतो आहे, कारण ते तुझ्या पैशाचं आहे आणि मला ते तुझ्याकडून उसनं नको. पोर आमच्याकडे डब्यासाठी येत होतं की आमच्यासाठी, ते आता उघडं पडेल. मला ते जाणून घ्यायचं नव्हतं. या वयात सगळंच जाणून घ्यायची हौस नसते.

बेल वाजली. कुरिअरवाला असेल. थांब, चिकटपट्टी लावायची राहिली आहे.

कुरिअरवाला नव्हता. दारात तनुजा उभी होती. हेल्मेट हातात, तीन जिने चढून धाप लागलेली. मी बाजूला व्हायचंही विसरलो. निकालानंतर ती मला मेसेजमध्ये 'पियुषचे आजोबा' लिहायची. आज उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "बाबा, तो खाली स्कूटरपाशी थांबलाय. वर यायला तयार नाही. विचारतोय की डबा तर गेला, आता रविवारी यायचं का आपण? की ते डब्यापुरतंच होतं?"

म्हणजे जे मी इथे वर बसून झुरत होतो, तेच तो तिथे हडपसरला. तुझी आई उठून बाहेर आली आहे आणि 'आत ये गं, उंबऱ्यात काय उभी राहतेस' म्हणते आहे. मी हे उभ्याउभ्याच लिहितो आहे, जिना उतरायच्या आधी. पोराला काय उत्तर द्यायचं ते मला माहीत आहे. तुला कळवायची गरज दिसत नाही. डबा पोचला की सावलीत ठेव.

तुझाच, अजून तशीच लिहायची सवय आहे म्हणून,
बाबा