नावाडिणीला कोणी नाही

प्रिय ताई,

एका घरात राहून पत्र कसलं लिहितेस, म्हणून तू आधी हसशील आणि मग चष्मा शोधशील. समोर बोलायला गेलं की तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, गॅसवर काहीतरी ठेवलंय म्हणत उठतेस. परवा तर गॅस बंद होता. म्हणून हे तुझ्या पिशवीत, डब्याखाली ठेवते आहे. दुपारी हातातली कवळी बाजूला ठेव आणि निवांत वाच. समुद्राकाठच्या शहरात दातांची नवी लॅब निघते आहे आणि तुझे मालक ती तुझ्या हाती द्यायला बसलेत, हे मला कळलंय. तिथली दमट हवा सोसणार नाही असं सांगून तू शुक्रवारी नकार कळवणार आहेस, हेही कळलंय. तुला साधी सर्दी झालेली माझ्या तरी पाहण्यात नाही.

आता शनिवारच्या खेळाबद्दल. तू आमच्या टेबलाशी पहिल्यांदा बसलीस ती नाइलाजाने. एक भिडू आला नव्हता आणि तू बिस्किटांची बशी ठेवायला आली होतीस. चांगली घोडी झालेली माणसं कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन संध्याकाळभर कुठल्या तरी काल्पनिक राज्यात भटकतात, याला तू आजवर रिकामटेकड्यांचा उद्योगच म्हणत आलीस. खेळ चालवतात ते आमचे मास्तर. ते विमा कचेरीत असतात, पण आम्ही त्यांना मास्तरच म्हणतो. त्यांनी तुला समजावलं की प्रत्येकाने आपलं पात्र आपण घडवायचं. सुरुवातीला ते कच्चं लिंबू असतं, एका धक्क्यात मरेल असं, गाठीला एक दोर आणि एक सुरी. बाकीचं खेळता खेळता मिळतं. मात्र त्याची पूर्वकथा आधीच ठरवावी लागते. कुठून आलं, घर का सोडलं, पाठीमागे कोण आहे. आमच्या टेबलावर एकाच्याही पात्राचे आईबाप हयात नाहीत, हे तुझ्या लगेच ध्यानात आलं. कोणाचे आगीत गेले, कोणाचे पुरात. ते सहानुभूतीसाठी नाही गं. पूर्वकथेत जिवंत माणूस दिसलं की मास्तर त्याला पळवून नेतात, नाहीतर मरणाच्या दारात बसवतात, म्हणून आम्ही आधीच सगळ्यांना मारून मोकळे होतो. माझं पात्र म्हणजे एक चोरटी, तीसुद्धा अनाथ होती. टेबल पुसताना तू ते वाचलंस आणि म्हणालीस, "अनाथ म्हणे. मग मी काय मेले होते?" संध्याकाळपर्यंत फुरंगटून बसलीस. मी मुकाट्याने ठळक अक्षरांत एक मोठी बहीण लिहिली, आणि मास्तरांनी पुढच्याच शनिवारी तिला बुरुजात कोंडली.

तू एखादी वैद्यीण नाहीतर आचारीण करशील अशी माझी खात्री होती. तू नावाडीण केलीस. स्वतःचं गलबत, ताऱ्यांची ओळख, तोंडाने फटकळ. घरी कोण आहे असं मास्तरांनी विचारलं, तर तू म्हणालीस, "कोणी नाही. दार ओढून घेतलं आणि निघाले." क्षणभरही विचार केला नाहीस. खरं सांगते, मला लागलं ते. मी तुझ्या शेजारी बसले होते. मी दिवसभर लिफ्टच्या तारांना लोंबकळून काम करते आणि तू अजून दुपारी फोन करून जेवलीस का विचारतेस, आणि तुझ्या मनातल्या आयुष्यात मला बसायला पाटसुद्धा नाही. त्या दिवशी कप विसळताना मी तोंड फुगवून होते, तुला वाटलं दाढ दुखतेय.

पण मग मी तुला खेळताना पाहिलं. बाह्या वर सरकवून, कोपरं टेबलावर टेकून तू वाऱ्याच्या दिशेवरून मास्तरांशी भांडत होतीस. आपल्या योद्ध्याला, म्हणजे त्या बँकेतल्या कॅशियरला, गलबतात ओकारी केली म्हणून तू असं झापलंस की तो खराखुरा लाजला. लोकांचे दात घडवणारी माझी बहीण स्वतःचे सगळे दात दाखवून हसत होती. आईबाबा अपघातात गेले तेव्हा तुझं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं आणि मला माझी वेणी घालता येत नव्हती. तू कॉलेज सोडून लॅबमधल्या स्टुलावर बसलीस ती अजून तिथेच आहेस. त्या आधीची तू कशी हसायचीस ते मी विसरूनच गेले होते.

गेल्या शनिवारी आपण इतके दिवस शोधत होतो तो किनारा नजरेच्या टप्प्यात आला आणि मास्तरांनी घात केला. म्हणाले, पूर्वकथा अशी कोरी चालायची नाही, माणसाला कोणीतरी असतंच. आणि निरोप्या पाठवला की गावाकडे नावाडिणीची धाकटी बहीण तापाने फणफणली आहे. मला बहीणच नाही, असं म्हणायचा तुला पुरता हक्क होता. तू फाशांना हातही लावला नाहीस. "गलबत वळवते," म्हणालीस आणि पेन्सिल खाली ठेवलीस. सगळ्यांनी विनवलं, औषध पाठवू म्हणाले, योद्धा स्वतः जायला निघाला. तोवर तू बाह्या खाली करून स्वयंपाकघरात गेली होतीस. मास्तरांना मी जिन्यात गाठून चांगलं फैलावर घेतलं, पण त्यांचं तरी काय चुकलं?

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच घोळतंय. ती बहीण त्या घटकेपर्यंत नव्हतीच. कोणीतरी नुसतं नाव काढलं आणि तू परत फिरलीस. मग मी तर धडधडीत इथे बसलेली आहे. माझं मी बघेन, असं मी शंभरदा म्हटलं तरी तू ऐकणार नाहीस, म्हणून समजूत घालायच्या भानगडीत मी पडलेच नाही. आमच्या कामावर एक नवी मुलगी आली आहे, ती खोली शोधत होती. काल तू लॅबमध्ये असताना तिला तुझी खोली दाखवली. खिडकी तिला फार आवडली. एक तारखेपासून ती तिथे राहील. तुझं सामान बांधायला रविवारी मी मोकळी आहे. राग आला तर भांडायला ये, रडू आलं तर लपवू नकोस. मी रडून घेतलंय, लिफ्टच्या खड्ड्यात, हातात पाना धरून. शुक्रवारी होकार कळव. तुझ्या खोलीची किल्ली मी तिला देऊन टाकली आहे.

तुझीच,
शेंडेफळ