थेंबुलीचं कुंपण

४ ऑगस्ट
निसर्ग मंडळाचे अध्यक्ष आले होते. पायपुसणं ओलांडून चिखलाच्या बुटांनी थेट सतरंजीवर. माळावरच्या कुंपणाला वहिनींच्या नावाची पाटी लावायची म्हणाले. येत्या सतरा तारखेला कार्यक्रम. ज्या फुलासाठी ही वीस वर्षं उन्हातान्हात फिरली, त्याचा रंग कोणता, असं मी विचारलं.
"पिवळाच ना?"
निळा. भाषण मात्र हेच करणार!

५ ऑगस्ट
हिला जाऊन सात महिने. कॉलेजची प्रयोगशाळा सांभाळून दर ऑगस्टात ही माळावर जायची, थेंबुली मोजायला. नावही हिनेच ठेवलेलं. नखाएवढं फूल, कातळावरच्या बोटभर मातीत येतं, पंधरा दिवसांत संपतं. दुसरीकडे कुठे अजून सापडलेलं नाही. सहा वर्षांपूर्वी हिने खटपट करून कुंपण घालायला लावलं. नकाशा मी काढला — मोजणी खात्यात जन्मभर तेच केलं. एक खांब इंचभर इकडेतिकडे नाही.
यंदा मोजायचं माझ्याकडे.

८ ऑगस्ट
सात. परत मोजली. सातच. हिच्या वहीत कुंपणाच्या वर्षी चारशे बारा. गेल्या वर्षी एकतीस.
कोणीतरी उपटून नेतंय. नाहीतर ते फोटोवाले. तार वाकवून आत शिरतात आणि पोटावर लोळतात. फुलाचं प्रेम म्हणे! आत गुडघाभर गवत. वाकून वाकून पाठ गेली.

११ ऑगस्ट
शेळ्यावाली म्हातारी कुंपणाला टेकून उभी. शेळ्या तारेतून तोंडं घालतायत. हुसकल्या. तुझ्या शेळ्यांनीच फडशा पाडला असणार, असंही ऐकवलं.
"शेळ्या आत होत्या तेव्हा फुलं होती, दादा. आता गवत माजलंय. खालच्या फुलाला ऊन कुठून मिळणार? बाईंना सांगितलं होतं मी."
बाईंना सांगितलं होतं! हिने आयुष्य घालवलं झाडापानांत, आणि अक्कल शिकवणार ही म्हातारी. असल्यांच्या तोंडी कोण लागतो.

१२ ऑगस्ट
पाटीचा मजकूर आला. अध्यक्षांचं नाव हिच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात.

१४ ऑगस्ट
भाकड सभा. एकाने पाटीशेजारी बाक सुचवला, दुसऱ्याने चहाची टपरी. फुलं सात उरलीत, हे मी सांगितलं. "म्हणजे दुर्मीळच की!" — अध्यक्ष. खूश होऊन.
घरी येताना उगाच आठवलं. गेल्या पावसाळ्यात जेवताना ही म्हणाली होती, कुंपणाचं दार थोडे दिवस उघडं ठेवू या का? मी म्हणालो, मग कुंपण काय शोभेला घातलंय? हिने मला भाजी वाढली.

१६ ऑगस्ट
उद्या पाटी. भाषणासाठी आकडे मागितले म्हणून सकाळी हिची वही काढली. मागच्या पुठ्ठ्याच्या आत, पेन्सिलीने: "म्हातारी म्हणते ते बरोबर. चूक कुंपणाची. शेळ्या हव्यात. यांना सांगवत नाही — नकाशा किती मन लावून काढलाय."
पक्कड घेऊन माळावर गेलो. पहिली तार तोडली. म्हातारी लांबून बघत होती. मग आली, आणि तारेचं दुसरं टोक धरलं.