लिंबूटिंबूचा गोल

ता. ६ फेब्रुवारी

चि. टिंबूस,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

फोनच करणार होतो. पण फोनवर आपण दोघं एकदमच बोलतो आणि ऐकायला कोणी उरत नाही, असं तुझ्या वहिनीचं म्हणणं. म्हणून पत्र.

बातमी अशी की फोटोफ्रेमचं दुकान मुलीच्या हवाली केल्यापासून मी रिकामा नाही. हार्डबोर्डाचे तुकडे, फ्रेमच्या पट्ट्या, बारीक चुका-खिळे, सगळं घरी आणलंय आणि आपला तो लहानपणीचा फुटबॉलचा खेळ बनवायला घेतलाय. आठवतो ना? मी काढला होता. बटणांचे खेळाडू, वाटाण्याचा चेंडू, काडेपेट्यांचे गोल आणि खोडरबराचा फासा. गोल मारणारा फासा टाकतो, मग गोलकीपर टाकतो. गोलकीपरचं दान चढं आलं तर गोल अडला, नाहीतर गेला.

घरात वातावरण तंग आहे. वहिनीच्या तीन ब्लाउजांची बटणं सध्या माझ्या संघात आहेत. सरस स्टुलावर सांडला होता, त्यावर शेजारचे केशकर्तनालयवाले येऊन बसले आणि उठताना स्टूल घेऊनच उठले. तरीही ते रोज खेळायला येतात. हरले की मैदान उतरतं आहे म्हणतात. वहिनी मात्र खेळाला नावं ठेवत ठेवत नऊ सामने जिंकली आहे.

मुख्य गोष्ट. वाचनालयाच्या ग्रंथपालबाई हा खेळ मुलांच्या खोलीत ठेवणार आहेत. नियम स्वच्छ अक्षरात हवेत आणि झाकणावर कल्पना कोणाची ते लिहायला हवं. माझंच नाव टाकतोय. तुझ्याकडे तो जुना पुठ्ठा असेल तर धाड, मापं बघायची आहेत. नियमांची प्रत सोबत आहे. सातवा नियम मुद्दाम तुझ्या आठवणीसाठी घातलाय: "प्रत्येक संघात एक पिवळं बटण असावं. तो लिंबूटिंबू. त्याने कुठेही पळावं, पण त्याचा गोल धरायचा नाही." खूश ना?

मेहुण्यांना नमस्कार. लोभ आहेच, तो असाच खेळता राहावा.

तुझा,
दादा


ता. १४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. सातवा नियम वाचला. खूश नाही.

आधी सोपं घेते. खेळ तू काढला नाहीस, मी काढला. शर्टाच्या खोक्याचं झाकण, आईच्या डब्यातली बटणं, आणि तुझं खोडरबर, जे कापलं म्हणून तू माझी वेणी ओढली होतीस. आता आठवलं?

आणि मी तो का काढला, तेही ऐक. तुमच्यातल्या एकाला ताप आला आणि मागच्या गल्लीशी सामना ठरलेला. मी सात वर्षांची. सकाळी तू मला उठवून म्हणालास की आज तू पक्की खेळाडू. मी दूधसुद्धा न कुरकुरता प्यायले. दोन-दोन अशी बरोबरी होती, शेवटची पाच मिनिटं, आणि चेंडू माझ्या पायात आला. मी मारला. गेला! मी नाचतेय आणि मागची गल्ली ओरडतेय की ती लिंबूटिंबू, तिचं धरायचं नाही. मी तुझ्याकडे बघितलं. तू मान खाली घालून म्हणालास की हो, तसं ठरलं होतं.

म्हणजे मला सांगितलंस पक्की आणि त्यांना सांगितलंस कच्ची. दादा, मी तीस वर्षं वजनमापं तपासण्याच्या खात्यात आहे. घ्यायचं वजन एक आणि द्यायचं वेगळं ठेवणाऱ्या दुकानदाराचा काटा मी जप्त करते. तुझा राहिला होता.

त्या संध्याकाळी मी तो पुठ्ठा घेऊन बसले, कारण मला असा खेळ हवा होता ज्यात माझं धरतील.

त्यात माझं नशीब असं थोर, की मागच्या गल्लीच्या गोलकीपरशीच माझं लग्न झालं. लग्न ठरताना हे मोठ्या प्रेमाने म्हणाले होते की तो गोल मी मुद्दाम सोडला होता, एवढीशी पोर म्हणून. ह्यांना वाटतं मी त्यावर भाळले. मी ह्यांच्या चष्म्याच्या दुकानाकडे बघून हो म्हटलं. पण तेव्हापासून तो गोल धड माझाही उरला नाही. तू धरला नाहीस आणि ह्यांनी सोडला. मग मी केलं काय?

मला तो गोल धरून हवा आहे. एक्कावन्न वर्षांनी का होईना. सातवा नियम काढ, तरच पुठ्ठा मिळेल.

वहिनीला नमस्कार, आणि बटणं मी पाठवते म्हणावं. लोभ असावा, नसल्यास नियमात बसवून घ्यावा.

तुझी बहीण
(टिंबू लिहिणार नाही)


ता. २० फेब्रुवारी

चि. टिंबूस,
आशीर्वाद. (तू लिहू नकोस, मी लिहिणार.)

पत्र वहिनीने मोठ्याने वाचलं, केशकर्तनालयवाल्यांसमोर. दोघं एका बाजूला झाले आणि मी एकटा. चहासुद्धा दोनच कप आला.

खोडरबर आठवलं. वेणीही आठवली. खेळ तुझा, कबूल. झाकणावर तुझं नाव घालतो. "बनवणारा दादा" एवढं खाली बारीक लिहू दे. चार बोटांना सरस चिकटलाय, त्याचं तरी काही?

दोन्ही डगरींवर हात ठेवला, तेही खरं. पण माझी बाजू ऐक. सहाच गडी होतो. तू लिंबूटिंबू असशील तरच खेळू, असं ते म्हणाले, आणि तुला तसं सांगितलं असतं तर तू आली नसतीस. गोल धरला नाही, नाणेफेक झाली, आपण हरलो आणि पैजेत माझा चेंडू गेला. मामाने दिलेला, खऱ्या चामड्याचा, आठ दिवसांचा. त्यांना दिलेला शब्द मी पाळला आणि चेंडू देऊन पाळला. तुला दिलेलाही शब्दच होता, हे मात्र तेव्हा सुचलं नाही. तू इतकी लहान होतीस की तुला दिलेला शब्द मोजायचा असतो, असं वाटलंच नाही.

पण टिंबू, गोल कसा धरू? गोलकीपर स्वतः म्हणतो मी सोडला. सोडलेला गोल धरला, तर तो तुझाही अपमान आणि माझाही. मेहुण्यांनी उलट लिहून द्यावं, मी आजच्या आज तीन-दोन करतो. तोवर सातवा नियम पेन्सिलीने लिहून ठेवलाय.

ग्रंथपालबाईंनी दहा मार्चची मुदत दिली आहे. पुठ्ठा धाड. रागावलीस तरी चालेल, पण पार्सल नीट बांध. लोभाचं पारडं माझ्याकडून कधी हलकं नव्हतं.

तुझा,
दादा


ता. २७ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पुठ्ठा पाठवतेय. पाठीमागे बघ. माझ्या तेव्हाच्या अक्षरात "फुठबॉल" आहे, आणि खाली एकच नियम आहे: "यात सगळे पके." एक क कमी पडलाय, अर्थ पुरेसा आहे.

बटणंही तीच आहेत. आईच्या डब्यातली सगळी पांढरी. पिवळं तेवढं डब्यातलं नव्हे. ते मला त्या दिवशी त्यांच्या गोलात, दोन विटांच्या मधल्या धुळीत सापडलं. गोल मिळाला नाही म्हणून बटण उचललं. खेळात तेच मी.

गोलाचं म्हणशील तर जाऊ दे. ह्यांना मी विचारलंच नाही. पस्तीस वर्षं जे अभिमानाने सांगत आले, ते आता मी म्हणते म्हणून फिरवतील, तर त्याला काय किंमत? माझ्याकडे पुरावा नाही, आणि पुराव्यावाचून मी कोणाच्या काट्याला हात लावलेला नाही. सातवा नियम शाईने लिही हवं तर. वाईट वाटतं, एवढं मात्र सांगून ठेवते. या वयात अशा गोष्टीचं वाईट वाटू नये, पण वाटतं, त्याला मी काय करू?

हे एक विचित्रच वागले. मी पार्सल बांधत होते आणि हे समोर चहा पीत होते. पिवळं बटण उचललं, चष्मा कपाळावर चढवला आणि डोळ्याशी धरून बघत बसले. चहा गार झाला. काय झालं विचारलं, तर दुकान उघडायची वेळ झाली म्हणून निघून गेले. रविवारी!

वहिनीच्या ब्लाउजांसाठी डझनभर बटणं वेगळ्या पुडीत आहेत. त्यांना संघात घेऊ नकोस. लोभ ठेव.

तुझी,
टिंबू


ता. २८ फेब्रुवारी

कॅप्टनसाहेबांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

हे पत्र दुकानातून लिहितोय. हिला दाखवू नये ही कळकळीची विनंती.

पार्सलमध्ये एक पिवळं बटण येईल. चार भोकं, कडेला टवका उडालेला. ते माझं आहे. माझ्या पिवळ्या शर्टाचं, वरून तिसरं. त्या शर्टाचा पुढचा इतिहास असा, की सामन्यानंतर घरी गेलो तेव्हा छातीवर माती, कोपर फुटलेलं, एक बटण गायब. आणि आईने विचारपूस करण्याआधीच धपाटा घातला होता.

आता तुम्ही हुशार आहात, समजलंच असेल. गोल सोडणाऱ्याची बटणं तुटत नाहीत. मी सोडला नव्हता. जिवाच्या आकांताने, आडवा, छातीवर झेप टाकली होती, आणि चेंडू बोटांना चाटून गेला. सात वर्षांच्या पोरीने मला हरवलं, हे गल्लीत कोणत्या तोंडाने सांगणार? म्हणून सोडला म्हणालो. मग लग्न ठरताना बोलायला काहीच सुचेना, तर तेच पुन्हा म्हणालो. म्हटल्यावर ही गप्प झाली. मला वाटलं लाजली. हिला ते एवढं लागलंय, हे मला तुमचं वीस तारखेचं पत्र टेबलावर उघडं दिसलं तेव्हा कळलं. रोज लोकांना लांबचं-जवळचं नीट दिसावं म्हणून काचा बदलून देतो आणि घरातलं हे दिसलं नाही.

तुम्हीच काहीतरी गोड बोलून गोल धरून टाका. माझं नाव मध्ये येऊ देऊ नका. तुमचा चेंडू परत करायची इच्छा होती, पण तो तिसऱ्या दिवशी काटेरी कुंपणावर फुटला. तेही आजवर सांगितलं नव्हतं.

लोभ असावा, आणि तो गुप्त असावा.

आपला,
मेहुणा (गोलकीपर)


ता. ६ मार्च

पक्क्या खेळाडूस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

सोबत मेहुण्यांचं पत्र जोडलंय. तुला दाखवू नये असं त्यात लिहिलं आहे. पण एकाला एक आणि दुसऱ्याला एक, असं वजन मी एकदा ठेवलं आणि एक्कावन्न वर्षं भोगलं. पुन्हा नाही. त्यांना माझ्यातर्फे सांग, की चेंडूचं ऐकून मी अर्धा दिवस जेवलो नाही. तिसऱ्याच दिवशी!

वाचून झालं असेल तर आता डोळे पुसू नको, वाहू दे. मीही पुसलं नाही. वहिनी म्हणाली सरस डोळ्यात गेला असेल.

खेळ आज वाचनालयात देऊन आलो. झाकणावर तुझं नाव, मोठ्या अक्षरात. सातवा नियम खोडला. त्या जागी तुझाच घातलाय, "यात सगळे पके", जसाच्या तसा. ग्रंथपालबाईंनी शुद्धलेखन दुरुस्त करायला पेन काढलं होतं. मी सांगितलं की मूळ लेखिकेला विचारल्याशिवाय हात लावता येणार नाही. पिवळं बटण मात्र मी दिलं नाही. पुठ्ठ्याबरोबर परत पाठवतोय. पुरावा मालकिणीकडेच असावा.

सोबत एक कागद आहे. त्यावर लिहिलंय: आमची गल्ली तीन, मागची गल्ली दोन. विजयी गोल, टिंबू. खाली कॅप्टन म्हणून मी सही केली आहे. दुसरी जागा मागच्या गल्लीच्या गोलकीपरसाठी. सही घेऊन परत पाठव, फ्रेम करतो. उत्तम पट्टी काढून ठेवली आहे.

लोभ आहेच, आता तोही धरायला हरकत नाही.

तुझा,
दादा


ता. १३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

ह्यांच्याशी मी तीन दिवस बोलले नाही. चौथ्या दिवशी मला हसू फुटलं, आणि मग ते थांबेचना. कारण तीन दिवस माणूस घरात कोपर धरून वावरत होता, जणू कालच फुटलंय. पस्तीस वर्षं मला वाटत होतं की ह्यांनी माझ्यावर दया केली. दया कसली! आडवे पडले होते चक्क माझ्यासमोर. हे आधी सांगितलं असतं, तर लग्नाला मी लगेच हो म्हटलं असतं, दुकानाकडे न बघता.

कागद परत पाठवतेय. ह्यांनी सही केली आहे, चष्मा लावून, दोनदा वाचून. पिवळं बटण मी ह्यांच्या शर्टाला लावून दिलं. शर्ट पांढरा आहे. वरून तिसरं. गिऱ्हाइकांनी विचारलं तर काय सांगायचं ते त्यांचं त्यांनी बघावं. खोटं सांगितलं तर मला कळेल.

"पके" तसंच राहू दे.

वहिनीला नमस्कार. कागदाच्या खाली कोपऱ्यात मी माझा शेरा लिहिलाय, कार्यालयात लिहिते तोच. फ्रेममध्ये तो झाकला जाणार नाही एवढं बघ: तपासले. वजन बरोबर.

तुझी,
टिंबू