चंद्राच्या पाठीवरचा खड्डा

१२ नोव्हेंबर १९७९
स्वयंपाक आणि झाडलोट, एवढंच ठरलं होतं. चंद्र पुसायचा असं कोणी बोललं नव्हतं. दाण्याच्या कणगीएवढा प्लास्टरचा गोळा, अर्धी खोली अडवून बसलाय. गोटीराम मास्तर शाळेतून रिटायर झाले तेव्हापासून तोच घडवत बसलेत. बाकी नाशिकचं घर झ्याक हाय. नळ घरात, स्टो नवा. नामपूरला एकटी भांड्यांशी बोलायचे, इथं माणूस तरी हाय. खूश हाय मी. प्रौढ वर्गाच्या बाईंनी रोज चार ओळी लिहायला सांगितलंय, म्हणून ही वही.

१४ नोव्हेंबर
मास्तरांनी चंद्राची पाठ दाखवली. ती बाजू इथून कुणालाच कधी दिसत नाय, यानानं फोटो काढले त्यावरून केली म्हणे. तिथं एक खड्डा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा. दोन खड्डे एकात, मधे भिंतच नाय. मी म्हटलं, फुटलंय हे. ते नुसते हसले आणि चार दिवस निफाडला लेकीकडं गेले.

१५ नोव्हेंबर
उघडं भगदाड मला बघवत नाय. आमच्याकडं भिंतीला भोक पडलं की बाई त्याच दिवशी लिंपते. शेणमाती कालवली, खड्डा भरला, हातानं सारवला. बोटांचे फराटे छान उठले, माझी वाकडी करंगळीसुद्धा.

१६ नोव्हेंबर
सकाळी खड्डा रिकामा. खाली मातीचा कण नाय. आतल्या भिंतीवर फराटे हायत. वाकड्या करंगळीचे. तळातून वर चढत आलेले.

१७ नोव्हेंबर
दूधवाली भागुबाई आली. मी दारातच, पातेलं पुढं करून. ती माझ्या आरपार आत बघत ओरडली, “नामपूरवाली, दार सताड टाकून कुठं उलथलीस गं?”
मी हाक मारली. ती दूध न घालता गेली.
आरशात नुसती भिंत.

१८ नोव्हेंबर
मास्तर आले. मला शोधलं, शेजारी विचारलं. मी समोरच — चहा स्वतः केला त्यांनी.
मी खड्ड्यात डावा हात घातला. आतून कोणीतरी धरला. गार हात, माझ्यासारखाच. सोडवेना. लय वर्षं एकटी असल्यासारखी धरून —

१९
मास्तर, वही टेबलावर ठेवते. अक्षर तरी दिसत असंल. आज स्वयंपाकघरात तुमच्याशी जी बोलत होती ती मी नाय, माझा हात धरून खड्ड्यातून वर आलेली हाय. तुम्ही तिला कुसाबाई म्हणालात, माझ्या नावानं. मी इथं, तुमच्या खुर्चीपाशी. गुरुवारपर्यंत खाली लिहून कळवा, कोण खरी. नाय कळवलं तर मला तिकडं, खड्ड्यात —