तुडवलेले वाफे

गडब, ता. पेण
२० नोव्हेंबर १९८९

सौ. चंद्रावतीस,

गुणाजीचा आशीर्वाद. मी इकडे बरा आहे. निडीला तुम्ही सगळे खुशाल असाल. काळुरामभाऊंची कापणी आटोपली असेल. गावात मी तेच सांगतो, की भावाकडे हात कमी पडतात म्हणून बायको गेली. लोक मान हलवतात. दिवाळी होऊन तीन आठवडे झाले. आता ही कापणी अजून किती लांबवायची ते तूच कळव.

पत्राचं कारण एवढंच, की मी परसात भाजी लावायला घेतली आहे. हसू नकोस. चाळीस वर्षं मीठ काढलं, आणि मिठागर बंद पडल्यापासून दिवस नुसता खायला उठतो. तुझी वांगी-मिरच्या तू गेल्यावर वाळल्या. पाणी घालायचं लक्षात राहिलं नाही. खोटं कशाला बोलू, लक्षात होतं, उठवत नव्हतं.

वाळलेलं सगळं उपटलं आणि तीन वाफे केले. फडताळातल्या डब्यात तुझ्या बियांच्या पुरचुंड्या सापडल्या. त्यातला लाल माठ आणि मुळा घेतला. वाफे मात्र बघण्यासारखे झालेत. दोन दिवस पायांनी तुडवले, वरून फळी फिरवली. कुठे बोटभर खालीवर नाही. पाणी ओतलं की तसंच उभं राहतं. तुझ्या वाफ्यांत कायम ढेकळं असायची, म्हणून सांगतो. आठ दिवसांत माठ वर येईल.

भाकरी मीच थापतो. तिच्याबद्दल न लिहिलेलं बरं.

तुझी पाठ कशी आहे? उत्तर धाडलंस तर बरं होईल. नाही धाडलंस तरी मी काही म्हणणार नाही.

गुणाजी


गडब
१२ डिसेंबर १९८९

सौ. चंद्रावतीस आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. आपला पोस्टमन सखा हल्ली दारावरून जाताना खाली मान घालून जातो, त्यालाच बिचाऱ्याला चुकल्यासारखं होतं.

वाफ्यांत काहीही आलं नाही. आठ दिवस रोज सकाळी वाकून बघत होतो. मग म्हटलं, हिचं बीच जुनं, किडकं. तुझ्या नावाने चार शब्द बोललोही. पेणच्या बाजारातून नवं बी आणलं आणि परत पेरलं. तेही आलं नाही. मग त्या बी विकणाऱ्याला शिव्या घालत वाफ्यापाशी उभा होतो, तेवढ्यात शेजारची हौसा कुंपणापाशी आली. बराच वेळ वाफ्याकडे बघत राहिली आणि हसायलाच लागली.

"भावजी, भाजी करायची हाय का मीठ?"

मी म्हटलं, "बी खराब निघालं."

"बियाला कशाला बोल लावता? बी बरं हाय. जमीन तुमीच तुडवून मारलीत, ते वर येल कुठून?"

बरोबरच आहे तिचं. आगराचा तळ तुडवून घट्ट केल्याशिवाय मीठ धरत नाही. जमीन हाती आली की तुडवायची, एवढंच मला येतं. तू चौतीस वर्षं परसात खपलीस आणि मी एकदाही बघितलं नाही की तू माती मोकळी करतेस.

पण ती "बियाला बोल लावता" म्हणाली आणि मी तिथेच खाली बसलो. हौसा घाबरली, म्हणाली, "चक्कर आली काय?" चक्कर नव्हती. तिला काय सांगणार.

चार दिवस खणतो आहे. कंबर गेली. थोडं खणतो, थोडं बसतो. थकवा नुसता खणण्याचा नाही.

तू गेलीस त्या दिवशी हौसा विहिरीवर होती. आणखी तिघी होत्या. तू मला एवढंच म्हणालीस, की रिकामे आहात तर झाडांना दोन हंडे पाणी आणून द्या. आणि मी त्या चौघींसमोर म्हणालो, "तुझ्या हातून भाजीच तेवढी उगवली, दुसरं काय उगवलं?" तू हंडा तिथेच ठेवलास. संध्याकाळच्या गाडीने माहेरी गेलीस. मला वाटलं, येईल दोन दिवसांत.

हे लिहायचं मी आजवर टाळलं. मला माझी लाज वाटते, चंद्रा. अजून एक आहे, पण आज हात चालत नाही.

गुणाजी


गडब
१ जानेवारी १९९०

सौ. चंद्रावतीस,

मुद्दाम कार्डावर लिहितो आहे, अक्षर बारीक काढून. सखा वाचेल, निडीचा पोस्टमन वाचेल. वाचू दे. माठ आला आहे, पण त्याचं कौतुक लिहायला इथे जागा नाही.

लग्नाच्या सातव्या वर्षी आपण मुंबईला तपासून घ्यायला गेलो होतो. तुला बाहेर बाकावर बसवून डॉक्टरांनी मला आत बोलावलं. बाहेर येऊन मी तुला म्हटलं, दोघंही ठीक आहोत, देवाच्या मनात नाही. ते खोटं होतं. दोष माझ्यात होता. तुझ्यात काहीही नव्हतं. डॉक्टरांनी हे मला दोनदा सांगितलं.

पुढे सत्तावीस वर्षं मी ते लपवलं. माझ्या आईने, ती होती तोवर, तुला अंगारे चारले, उपास करायला लावले. डोहाळजेवणाला तुला मागच्या दारी बसवलं. तुझ्या भावाच्या सुनेची ओटी भरायची होती तेव्हा तुझ्याच माहेरात तुला हाक मारली नाही, आणि तू घरी येऊन मला म्हणालीस, "माझंच नशीब." मी ऐकून घेतलं आणि जेवलो. सगळं ठाऊक असून विहिरीवर बोललोही मीच.

हे कार्ड लपवू नकोस. काळुरामभाऊंना दे. वहिनीला आणि सुनेला वाचून दाखव.

ये म्हणत नाही. म्हणायला तोंड नाही. रविवारी सकाळच्या गाडीने मी निडीला येतो. तुमच्या ओट्यावर सगळ्यांसमोर उभा राहून हेच तोंडाने सांगेन. तू आतून बाहेर आली नाहीस तरी सांगेन, आणि पाणीही न मागता परत जाईन.

कुणी लिहिलं अशी शंका कुणाला नको, म्हणून आज पूर्ण नाव घालतो.

गुणाजी पदाजी घरत
राहणार गडब