पेंढ्यावर उलटवलेली होडी

८ नोव्हेंबर
नौका केंद्राचे कदम सर आमच्या सव गावी घरी येऊन गेले. चहा बशीत ओतून प्यायले, मग बोलले. "बाबा, पुढच्या महिन्यापासून कागद नसलेल्या माणसानं पाण्यावर शिकवायचं नाही. प्रशिक्षकाची परीक्षा द्या."
मी एकोणसाठचा, सातवी पास. वल्हं हातात आलं ते बापाच्या तरीवर, माणसं नदीपार नेताना. त्याचा कागद कुणी मागितला नव्हता.
नाही दिली तर? "तर कयाकचा वर्ग बंद."
कयाक म्हणजे पाय आत घालून बसायची निमुळती होडी. पाच पोरी शिकतात. त्यातल्या आशीची जानेवारीत क्रीडा वसतिगृहासाठी निवड व्हायची आहे. सौ. म्हणाली, "द्या की. म्हातारपणी शिंगं फुटायची राहिली व्हती, ती फुटू दे."

१४ नोव्हें.
पुस्तक इंग्रजीत. शब्दकोश घेऊन ओसरीवर बसतो. दोन पानांना एक सकाळ.
पहिलाच धडा: कयाक मुद्दाम पालथी करायची. शिकणाऱ्यानं पाण्याखाली पाय सैल सोडायचे, होडीच्या काठाला रेटा देऊन बाहेर यायचं. वाचून हसू आलं. लिहिणाऱ्यानं आमची सावित्री नदी बघितलेली नाही. समोरच्या वाळूवर दोन मगरी ऊन खात पडलेल्या असतात. बापाची पहिली शिकवण हीच की पाण्यात पडायचं नाही. पडलास तर होडी सोडायची नाही, पाय पोटाशी आवळायचे, पाणी खळबळवायचं नाही. पोरींनाही हेच सांगत आलो, रोज, देवाचं नाव घ्यावं तसं.

२० नोव्हें.
परीक्षेच्या वहीत प्रत्येकीच्या नावापुढे एक रकाना, 'उलटून बाहेर येणे'. खूण नसेल तर मला परीक्षेला बसता येत नाही. नदीत उलटवायचं तर मगरी. पोलादपूरकडच्या धरणावर न्यायचं तर टेम्पो हवा, पोरींचं कॉलेज बुडतं.
डोकं चालवलं. अंगणात पेंढा पसरला, त्यावर कयाक, आत एकेक पोर. होडी आडवी केली की सरपटत बाहेर. पोरी हसून लाल, केसांत पेंढा. आशी सगळ्यांत चपळ, मांजरीसारखी निसटली. "काका, आमच्या म्हशीबी येवढ्या लोळत नायत."
पाचही रकान्यांत खूण केली. पी हळद नि हो गोरी.

२७ नोव्हें.
आशीचा बाप कोंडीबा वरंधच्या वरच्या धनगरवाड्यावरून उतरला होता. लेकीला इथं मावशीकडं ठेवलंय, तिला भेटून माझ्याकडं आला. तूप आणलं होतं. नदीकडं बघत उभा राहिला.
"आमच्यात पान्यात कोन गेलं नाय आजवर. म्हशी जातात तेवढ्या. तुमच्या भरवशावर हाय पोर."
नातीसारखी आहे म्हटलं. खरंच आहे.

४ डिसेंबर
परीक्षा झाली. लिहवत नाही.

५ डिसें.
लिहितो.
धरणाचं पाणी, सकाळचे दहा. परीक्षक मॅडम बाहेरगावच्या, शांत बाई. पोरी पाच. सरळ जाणं, वळणं, दोरी फेकणं, सगळं झालं. मॅडम म्हणाल्या, "आता एकीला उलटवून दाखवा."
तेव्हाच सांगायचं होतं की पाण्यात घेतलेलं नाही. मनात म्हटलं, आशी घ्यावी, पेंढ्यावर सगळ्यांत चांगली तीच. छातीभर पाण्यात तिच्या होडीशी उभा राहिलो. "घे गो श्वास." तिनं हसून घेतला. माझ्या हातांनी पालथी केली.
ती वर येईना.
पुस्तकात लिहिलंय, वाट पाहा, तीन-चार सेकंदांत शिकणारा बाहेर येतो. मी वाट पाहिली. होडीचं बूड तेवढं डोळ्यांसमोर. मग मीच खाली गेलो. तिनं दोन्ही हातांनी होडीचा काठ घट्ट धरलेला, गुडघे आत आवळून अडकवलेले. जसं शिकवलं तसं. होडी सरळ करता करता माझेच पाय घसरले, पुन्हा पालथी झाली. दुसऱ्या वेळी सुलटली तेव्हा ओठ निळे. काठावर आणल्यावर बोटं एकेक करून सोडवावी लागली.
मॅडमनी छाती दाबली, तोंडानं श्वास भरला. पाणी बाहेर आलं. महाडला दवाखान्यात नेलं.
व्हरांड्यात मॅडमनी विचारलं, "हिला आधी पाण्यात उलटवलं होतं ना?"
मी म्हटलं, "वहीत खूण हाय."
एवढंच म्हटलं. हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही.

८ डिसें.
आशी शुद्धीवर आहे. फुप्फुसात पाणी गेलंय, ताप हटत नाही. भेटायला गेलो. कोंडीबा खाटेच्या पायथ्याशी उकिडवा. मला बघून उठला, स्टूल पुढं केलं. त्या स्टुलावर बसणं जमेना.
आशीचा आवाज फाटलाय. म्हणाली, "काका, मी होडी सोडली नाय."
कौतुकाची वाट बघत होती.

१३ डिसें.
निकाल. कदम सरांनी फोनवर वाचून दाखवला. मी पास. 'बचाव तत्परतेने केला.'
आशीबद्दल वेगळा शेरा. 'रीतसर शिकवूनही घाबरून गेली. पाण्यावर पाठवू नये.' हा शेरा निवडीच्या कागदाला जोडला जाईल. म्हणजे वसतिगृह गेलं.
सौ.नं साखर हातावर ठेवली. तोंडात टाकली नाही. "काय झालं वो?" म्हटलं, दात दुखतोय.

१६ डिसें.
वरंधला एसटीनं, पुढं वाड्यावर चालत. दोनदा बसावं लागलं. आशी गोठ्यापाशी गोधडी पांघरून बसली होती. कॉलेजला जात नाही. आई बाजूला घेऊन सांगू लागली, "डोईवर तांब्या घेत नाय वो. पानी तोंडावर आलं का किंचाळते. मी ओल्या फडक्यानं पुसते."
सांगायला गेलो होतो. नाचणीची भाकरी खाऊन, न सांगता उठलो.
निघताना आशीनं विचारलं, "काका, माजं काय चुकलं?"


१७ डिसें.
पुन्हा वर गेलो. सांगितलं. पेंढा, खूण, व्हरांड्यातलं बोलणं, सगळं. शेवटी म्हटलं, तुझं काही चुकलं नाही पोरी. मी मगरीच्या पाण्याचं शिकवलं आणि दुसऱ्या पाण्यात ढकललं.
कोंडीबा म्हणाला, "तेरा दिस झालं त्याला. तेरा दिस तुम्ही गप व्हता?"
"हो."
"मी तुम्हांला स्टूल दिला." एवढं बोलून म्हशींकडं गेला.
आशी जागची हलली नाही. माझ्याकडं बघितलंही नाही.

१९ डिसें.
कागद लिहिला, चार वेळा. मराठीतच. 'वहीतल्या पाचही खुणा खोट्या आहेत. मुलीवरचा शेरा काढून माझ्यावर लिहावा.' सौ.ला वाचून दाखवला. चूल फुंकत ऐकलं तिनं. म्हणाली, "आधी मला सांगायचं व्हतं, दाताचं काय सांगितलंत." मग डोळे पुसले. धुराचे म्हणावेत तर चूल केव्हाच पेटली होती.

२० डिसें.
केंद्रावर गेलो. कदम सरांनी कागद उभ्या उभ्या वाचला, दार लोटून घेतलं.
"बाबा, हा मी पुढं पाठवला की तुमचं प्रमाणपत्र रद्द. वर्ग बंद. बाकीच्या चौघींचंही संपलं. त्यांचं काय चुकलंय?"
म्हटलं, आशीचं तरी काय चुकलंय?
"तिचं तसंही आता होणार नाही हो. ती पाण्याला भिते."
कागद टेबलावर तसाच ठेवला, घडी उघडी. "तुम्ही ठरवा," म्हटलं. "नाही पाठवलात तर मी मॅडमना टपालानं पाठवीन." ते खिडकीबाहेर बघत राहिले. पाठवतो म्हणाले नाहीत, नाही पाठवत म्हणाले नाहीत.
बाहेर चौघी जॅकेटं घालून उभ्या. आज वर्गाचा दिवस. त्यांनाही सांगितलं, उभ्यानंच. धाकटी रेश्मा जॅकेटच्या पट्ट्याशी चाळा करत होती.
मग तीच म्हणाली, "म्हंजे काका, होडी पालथी झाली तर आम्हांलाबी बाहेर येता येत नाय?"
"नाही," म्हटलं.
"आनि आम्ही रोज जात व्हतो."
हो म्हटलं. रोज नेत होतो.