टीव्हीसमोरची माझी खुर्ची

१० ऑक्टोबर १९८७, सकाळी
एका रनने हरलो. पेपरात आलंच आहे, शिवाय वरच्या मजल्यावरच्या चिंतामणीने जिन्यात कन्फर्म केलं, माझ्याकडे रोखून बघत.
काल मद्रासची मॅच त्याच्या कलर टीव्हीवर सगळ्या बिल्डिंगने बघितली. आमचा सेट उल्हासनगरला रिपेअरला आहे. मी पुढच्या वेताच्या खुर्चीत होतो. आपल्याकडे नियम आहे, मॅच रंगली की जो जिथे बसलाय तिथून हलायचं नाही. मी हललो, पण कारणाने. शेवटच्या ओव्हरआधी पेढ्यांचा बॉक्स फोडला. जिंकल्यातच जमा होतं. शेवटचा गडी बोल्ड झाला तेव्हा सगळ्यांच्या तोंडात माझा पेढा होता. चिंतामणी म्हणाला, मधूभाऊ, गिळवत नाही हो.
दोष अंपायरांचा. मधल्या सुट्टीत ऑस्ट्रेलियाच्या एका चौकाराचा षटकार करून टाकला.
संकल्प: वन-डे बंद. खरं क्रिकेट पाच दिवसांचं.

११ ऑक्टोबर
संकल्पात दुरुस्ती. ८३च्या फायनलला आपण १८३वर आउट झाल्यावर मी टीव्ही बंद करून झोपलो होतो. सकाळी उठून बघतो तर रस्त्यावर फटाके. कप जिंकताना मी बघितलेलं नाही, हे माझी बायको मालिनी सोडून कुणाला माहीत नाही. या वर्ल्ड कपमध्ये आपल्याला जिंकताना स्वतःच्या डोळ्यांनी बघणार. त्यानंतर वन-डे बंद.

१४ ऑक्टोबर
न्यूझीलंडला हरवलं. कन्फर्म केलं जांभूळच्या वॉटर वर्क्सचा वॉचमन हिरामण याने.
मी सकाळी खुर्चीत बसणार तोच चिंतामणीने बाजूला घेतलं. बिल्डिंगला पाणी कमी दाबाने येतंय, तिथल्या साहेबांशी बोलायला वजनदार माणूस हवा, आणि आजच हवा. गेलो. साहेब मॅच बघायला घरी गेलेले. हिरामण म्हणाला, आज कोन भेटतंय सायेब, तुमाला घरात कोनी नाय का? गावच्या माणसाला जबाबदारी म्हणजे काय ते कळत नाही.

१७ ऑक्टोबर
झिंबाब्वेला हरवलं. कन्फर्म: विठ्ठलवाडी डेपोतला एक कंडक्टर. सोसायटीच्या सहलीसाठी बसची चौकशी माझ्याकडे आली आहे. चिंतामणी मला रिक्षात बसवायला स्वतः खाली उतरला. रिक्षा वळेपर्यंत उभा होता. एवढा मान कमिटीच्या सेक्रेटरीलाही नाही.
येताना उल्हासनगरला नानकरामच्या दुकानात गेलो. सेट कधी, विचारलं. म्हणाला, साईं, पार्ट बंबई से आएगा. या लोकांना धंदा करायचाच नाही.

२२ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
ऑस्ट्रेलियाला दिल्लीत चीत केलं. कन्फर्म: चिंतामणी, गॅलरीतून ओरडून.
आज मी गच्चीवर होतो. पिक्चर हलतंय, अँटेना कुणीतरी धरून ठेवायला हवा, आणि हात स्थिर फक्त तुमचा, असं त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. मग दिवसभर खालून, मधूभाऊ, जरा डावीकडे, अगदी फर्स्ट क्लास, सोडू नका! मालिनीने जेवणाचं ताट वर पाठवलं. खांदे भरून आलेत, पण हा विजय बराचसा माझा.
उतरताना वायर कुठे जाते ते बघितलं. चिंतामणीकडे नाही, तळमजल्यावरच्या बनूबाईंच्या खोलीत. ती खोली गणपतीपासून बंद आहे. चिंतामणी म्हणाला, सिग्नल फिरून येतो. टेक्निकल गोष्ट आहे.

३१ ऑक्टोबर
नागपूरला जिंकलो, वर आपल्या बोलरची हॅटट्रिक. कन्फर्म: मालिनी.
मालिनीने मला सकाळीच बदलापूरला तिच्या बहिणीकडे, सुहासिनीकडे, उरलेला फराळ घेऊन पाठवलं. सुहासिनी दारातच म्हणाली, भावजी, चकल्या मऊ पडल्यात, आज मॅच सोडून हे काय? तिच्याकडे टीव्ही नाही. परत आलो तर मालिनीने तिन्ही दांड्या कशा उडाल्या ते हाताने करून दाखवलं. म्हणाली, रेडिओवर ऐकलं. बायकांची कल्पनाशक्ती दांडगी.
संकल्प: सेमीफायनलला कोणाचंही काम घेणार नाही. पुढची खुर्ची, पहिल्या बॉलपासून.

५ नोव्हेंबर, संध्याकाळी
सेमीफायनल इंग्लंडकडून हरलो. या वेळी कन्फर्म मीच करतो. डोळ्यांनी बघितलं.
रजा टाकून खुर्चीपाशी गेलो तर चिंतामणी म्हणाला, मधूभाऊ, कल्याणला रजिस्ट्रारकडे जावं लागेल. आयुष्यात पहिल्यांदा मी नाही म्हणालो. त्याने खुर्चीच आत नेली, म्हणाला पाय डुगडुगतोय. तडक उल्हासनगरला गेलो, स्वतःचा सेट आणायला.
नानकरामच्या दुकानाबाहेर गर्दी. आत टीव्ही चालू. त्यावर मालिनीने विणलेलं निळं कव्हर. माझाच सेट. नानकराम म्हणाला, बैठो साईं, तीन हफ्ते से रेडी है. बहनजी ने बोला था, मॅच खतम होने तक मत देना.
मी स्टुलावर बसलो. रन व्यवस्थित जमत होते. मग कॅप्टनने उंच मारला. कॅच. मग एकामागून एक सगळे. गर्दीतून कोणी विचारलं, ये अंकल कब आया? नानकरामने प्लग काढला आणि सेट माझ्या हातात दिला. ले जाओ साईं, अभी ले जाओ.

७ नोव्हेंबर
दोन दिवस मालिनीशी बोललो नाही. आज तिनेच कबूल केलं. ८३चं झोपणं तिने सगळ्यांना सांगितलं होतं. मद्रासनंतर ठरलंच, मधूभाऊ लांब असले तर आपण जिंकतो. सगळ्या मॅच ती चिंतामणीकडे बघत होती. माझ्या खुर्चीत. म्हणाली, तुमच्यावर राग नाही हो, पण देशाचा प्रश्न होता.
संध्याकाळी चिंतामणी आला. मी म्हणालो, आमचा टीव्ही आलाय, उद्याची फायनल मी घरी बघेन. तो म्हणाला, छे छे, मधूभाऊ, उद्या पुढची खुर्ची तुमचीच. आपल्याला हरवणाऱ्या इंग्लंडला सोडायचं नाही. तुम्ही फक्त त्यांच्या बाजूने बसा. मनापासून बसा. मद्रासच्या दिवशीचा चौकड्यांचा शर्ट घाला, आणि शेवटच्या ओव्हरआधी पेढे वाटा.
विचार करून सांगतो म्हणालो.
शर्टाला इस्त्री झाली आहे. मालिनी उद्या मागे सतरंजीवर बसेल. इंग्लंड हरेल, असं सगळी बिल्डिंग धरून चालली आहे.